गावाचे नाव कुठवर जाते?

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी उरकत येते. बांध्यांमध्ये पुंजणे उभे राहतात आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. दिवसा बाजार आणि पाहुणे, रात्री दंडार नाहीतर नाटक. याच थंडीत कबड्डीच्या खुल्या सामन्यांचा मोसमही सुरू होतो. शाळेच्या पटांगणात किंवा कापणी झालेल्या रिकाम्या बांधीत माती भिजवून चोपतात, चुन्याने रेघा मारतात, चारही बाजूंनी दिवे टांगतात. एखादी स्पर्धा ठरावीक वजनगटाची असते, एखादी खुली. खेळाडू शिक्षण, मजुरी, दुकान, शेती सांभाळून आलेले असतात आणि त्यांच्या बनियनवर बहुधा मंडळाचे आणि गावाचे नाव असते. लाउडस्पीकरवरूनही चढाई करणाऱ्याच्या नावाआधी गावाचेच नाव पुकारले जाते. बक्षिसाची रक्कम कोणी दिली, ढाल कोणाच्या स्मरणार्थ ठेवली, हेही तिथेच जाहीर होते.

नेमक्या याच आठवड्यांत आयर्लंडमध्ये, पावसाने चिखल झालेल्या मैदानांवर, हर्लिंग या खेळाच्या प्रांतिक क्लब अजिंक्यपद स्पर्धा रंगात आलेल्या असतात. तिथेही गावाचेच संघ असतात. खेळाडू शिक्षक, सुतार, शेतकरी, बँकेतले कारकून. त्यांना खेळण्याचे पैसे मिळत नाहीत. दोन्हीकडचा माणूस आणि त्याची ओढ सारखीच आहे. तरी एका ठिकाणी फरक पडतो. सामना जिंकल्यावर गावाचे नाव पुढे कुठे जाते, हा तो फरक. या प्रकरणाचा विषय तोच आहे.

आधी खेळ समजून घेऊ. हर्लिंगचे मैदान सुमारे १३० ते १४५ मीटर लांब आणि ८० ते ९० मीटर रुंद असते, म्हणजे फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरेच मोठे. एका बाजूला १५ खेळाडू. प्रत्येकाच्या हातात हर्ली नावाची लाकडी काठी असते आणि तिचे टोक हॉकी स्टिकपेक्षा रुंद व चपटे असते. चेंडूला श्लिटर म्हणतात. आत बूच, वर चामडे, शिवण उठावदार, वजन ११० ते १२० ग्रॅम. हा चेंडू जमिनीवरून मारता येतो, हवेतल्या हवेत टोलवता येतो, काठीच्या टोकावर तोलून धावता येते, हातात पकडून काही पावले नेता येते. हॉकीत काठी खांद्यावर गेली की पंच शिट्टी वाजवत असत. इथे डोक्यावरून येणाऱ्या चेंडूसाठी दोघांच्या काठ्या एकदमच हवेत भिडतात. म्हणून २०१० पासून सर्व गटांत हेल्मेट सक्तीचे झाले. गोलचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक गुण. गुणफलकावर दोन्ही वेगळे लिहितात. २–१७ असे लिहिले असेल तर दोन गोल आणि सतरा गुण, म्हणजे एकूण २३.

हर्ली परंपरेने ॲश वृक्षाच्या बुंध्याच्या तळाशी, मुळांकडे वळणाऱ्या भागातून करतात. लाकडाच्या रेषा तिथे आपोआप वळतात आणि काठीला बळकटी येते. २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये या झाडांवर बुरशीचा रोग सापडला आणि तो झपाट्याने पसरला. लाकडाचा तुटवडा होऊ लागला तेव्हा क्लेअर परगण्यातील टॉर्पी या हर्ली बनवणाऱ्या कुटुंबाने बांबूपासून हर्ली करायला घेतल्या. त्या आज मोठ्या सामन्यांतही दिसतात. बांबूच्या जंगलांच्या आणि बुरूडकामाच्या आपल्या मुलखातल्या वाचकाला ही गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

खेळ फार जुना आहे. आयरिश पुराणकथांतला वीर कू कुलिन हातात हीच काठी घेऊन वावरतो. पण नियम, मैदान, वेळापत्रक आणि संघटना असलेला आजचा हर्लिंग १ नोव्हेंबर १८८४ नंतरचा. त्या दिवशी टिपेररी परगण्यातील थर्ल्स गावच्या हेज हॉटेलात मोजकीच माणसे जमली आणि गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. पुढाकार घेतला होता मायकेल क्यूसॅक या शिक्षकाने. पहिले अध्यक्ष मॉरिस डेव्हिन, स्वतः नामांकित ॲथलीट. देशावर इंग्रजांचे राज्य होते. शाळा-कॉलेजांत क्रिकेट आणि रग्बी रुजले होते, गावचे खेळ मागे पडत होते. त्यांना लिखित नियम देऊन सन्मानाने उभे करायचे, हा हेतू उघड होता.

हा हेतू आपल्याला अजिबात परका नाही. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ मधला. हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या यांना लिखित नियम देण्याचे काम तिथल्या आणि इतर संस्थांतल्या कार्यकर्त्यांनी केले. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतूतूची अखिल भारतीय स्पर्धा घेतली. आपल्या विदर्भात, अमरावतीला, वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. संजीवनी, गामिनी, अमर अशा कबड्डीच्या निरनिराळ्या पद्धतींतून एक सर्वमान्य पद्धत ठरत गेली. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, १९५२ मध्ये मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. रत्नागिरीचे शंकरराव तथा बुवा साळवी यांनी आयुष्यभर या खेळाची संघटना बांधली. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाला आणि भारताने सुवर्ण जिंकले.

दोन्ही खेळांना नियम मिळाले, संघटना मिळाली, मान मिळाला. वाटा वेगळ्या झाल्या त्या संघ कोणाचा या प्रश्नावर.

आयर्लंडमधली पहिली अखिल आयर्लंड हर्लिंग स्पर्धा १८८७ ची. तिचा अंतिम सामना लांबत लांबत १ एप्रिल १८८८ ला बर या गावी झाला. तेव्हा परगण्याचा वेगळा निवडक संघ नव्हता. परगण्यात जो क्लब जिंकेल तोच परगण्याचे प्रतिनिधित्व करी. म्हणून पहिल्या अंतिम सामन्यात थर्ल्स आणि गॉलवे परगण्याचे मीलिक ही दोन गावे समोरासमोर उभी होती. थर्ल्स जिंकले. म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदावर पहिले नाव गावाचे लागले. पुढे विजेत्या क्लबात इतर क्लबांचे चांगले खेळाडू घेण्याची मुभा मिळाली, मग परगण्याचे निवडक संघ आले आणि त्यांचीच स्पर्धा सर्वांत मोठी झाली. ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक बसतील असे डब्लिनचे क्रोक पार्क त्या सामन्यांनी भरू लागले. क्लब मात्र परगण्याच्या विजेतेपदापाशी येऊन थांबला. त्याच्यापुढे वाट नव्हती.

ही वाट परत काढायला बरीच दशके लागली. मन्स्टर प्रांताने १९६४ मध्ये आपल्या परगण्यांच्या विजेत्या क्लबांची स्पर्धा सुरू केली. १९७०–७१ च्या मोसमात त्यावर अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद उभे राहिले. पहिला मान टिपेररीच्या रॉस्क्रे क्लबने मिळवला. अंतिम सामना पुन्हा बर गावीच झाला, डिसेंबर १९७१ मध्ये. नंतर हा सामना क्रोक पार्कवर, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, १७ मार्चला होऊ लागला आणि अनेक वर्षे तीच प्रथा राहिली. २०२० पासून तो थंडीत, मोसमाच्या शेवटी घेतात.

प्रांत म्हणजे काय, हे इथे सांगायला हवे. मन्स्टर, लेन्स्टर, कॉनॉट आणि अल्स्टर या चार प्रांतांना आज स्वतःचे सरकार नाही, विधिमंडळ नाही. अल्स्टरचे तर सहा परगणे ब्रिटनच्या ताब्यातील उत्तर आयर्लंडमध्ये आणि तीन प्रजासत्ताकात आहेत, तरी खेळासाठी प्रांत एकच. इतिहास, बोलण्याची ढब आणि खेळाच्या स्पर्धा यांतूनच प्रांत जिवंत आहे. विदर्भाच्या माणसाला हे लगेच कळेल. आपलेही वेगळे राज्य नाही, पण रणजी करंडकात विदर्भ स्वतंत्र खेळतो आणि २०१७–१८, २०१८–१९, २०२४–२५ असा तीनदा तो जिंकलाही. कबड्डीच्या राष्ट्रीय स्पर्धांतही महाराष्ट्र आणि विदर्भ असे दोन वेगळे संघ उतरत आले आहेत. मन्स्टरला जे स्थान हर्लिंगमध्ये आहे, ते विदर्भाला मिळू शकेल असा सांगाडा इथे आधीच उभा आहे.

मन्स्टरमध्ये सहा परगणे. हर्लिंगमध्ये बळकट असलेल्या पाचांचे, म्हणजे कॉर्क, टिपेररी, लिमरिक, क्लेअर आणि वॉटरफर्डचे, विजेते क्लब प्रांताच्या वरिष्ठ स्पर्धेत येतात. हरला तो घरी, असा बाद पद्धतीचा मामला. ऑक्टोबरमध्ये परगण्याचा अंतिम सामना, नोव्हेंबरमध्ये प्रांताची स्पर्धा, तिथे जिंकलात तर पुढे अखिल आयर्लंडचा उपांत्य सामना. लेन्स्टर आणि अल्स्टर यांचे विजेते आणि कॉनॉटकडून थेट गॉलवेचा विजेता हे बाकीचे तीन प्रतिस्पर्धी. गावच्या कुंपणाजवळच्या मैदानापासून क्रोक पार्कपर्यंत संघ तोच, जर्सी तीच, नाव तेच. वाटेत कोणी चांगला खेळाडू उसना घेता येत नाही.

या वाटेवर कोण कुठवर जाते याची उदाहरणे फार बोलकी आहेत. किलकेनी परगण्यातले बॅलिहेल हे लहानसे खेडे. आसपासच्या वस्त्या मिळून बॅलिहेल शॅमरॉक्स हा क्लब १९७२ मध्ये झाला. या क्लबने २०२३ पर्यंत नऊ वेळा अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद जिंकले. इतक्या वेळा दुसऱ्या कोणालाही ते जमलेले नाही. सुरुवातीच्या विजयांमध्ये फेनेली घराण्यातले सात सख्खे भाऊ एकाच संघातून खेळले. हेन्री शेफलिन आणि टी. जे. रीड हे हर्लिंगमधले दोन महान खेळाडूही याच खेड्याचे. शेफलिनने किलकेनी परगण्याकडून दहा अखिल आयर्लंड पदके मिळवली. परगण्याचा मोसम संपला की तो पुन्हा बॅलिहेलच्या मैदानावर, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुलांबरोबर, सरावाला हजर असे. इतका मोठा खेळाडू गावच्या संघातून खेळतो तेव्हा त्याच्याकडे पाहत मोठी होणारी पोरे किती शिकत असतील, हे वेगळे सांगायला नको.

फेब्रुवारी २०२२ मध्ये हेच बॅलिहेल क्रोक पार्कवर अंतिम सामना जिंकत आले होते. समोर वॉटरफर्ड शहराबाहेरचे बॅलिगनर. शेवटचे क्षण उरले असताना बदली खेळाडू म्हणून आलेल्या हॅरी रडलने गोल मारला आणि फलक २–१७ विरुद्ध १–१९ असा झाला. हिशेब मांडून पाहा, २३ आणि २२. वॉटरफर्डच्या क्लबला हे विजेतेपद त्याआधी कधीच मिळाले नव्हते. बॅलिगनरने २०२१, २०२२ आणि २०२३ अशी मन्स्टरची स्पर्धाही सलग तीनदा जिंकली. तीही तिथली पहिलीच हॅटट्रिक.

मला मात्र या सगळ्यांपेक्षा माउंट लेन्स्टर रेंजर्सची कथा मोलाची वाटते. कार्लो हा लेन्स्टरमधला छोटा परगणा. वरिष्ठ हर्लिंगमध्ये कार्लोच्या निवडक संघाने लेन्स्टरचे विजेतेपद कधीच मिळवलेले नाही. किलकेनी आणि वेक्सफर्डसारख्या शेजाऱ्यांपुढे त्यांचा निभाव लागत नाही. कारण सरळ आहे. परगण्याचा संघ निवडायचा तर खूप क्लब, खूप चांगले खेळाडू लागतात आणि कार्लोत ते थोडेच. पण एका डोंगराच्या पायथ्याच्या वस्त्यांतली पंधरा-वीस पोरे लहानपणापासून एकत्र खेळत मोठी झाली असतील तर ती मोठ्या परगण्याच्या विजेत्यालाही भारी पडू शकतात. १ डिसेंबर २०१३ रोजी, लेन्स्टर क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, बॉरिस आणि आजूबाजूच्या गावांच्या या रेंजर्सनी वेक्सफर्डच्या ओलार्ट-द-बॅला क्लबला हरवले. कार्लोच्या क्लबने वरिष्ठ हर्लिंगमध्ये मिळवलेले हे पहिलेच लेन्स्टर अजिंक्यपद. पुढे मार्च २०१४ मध्ये ते क्रोक पार्कवर पोर्टुम्ना क्लबकडून हरले. तरीही अंतिम सामन्यात कार्लोतले खेडे होते, आणि निवडक संघांच्या स्पर्धेत हे घडण्याची सुतराम शक्यता नव्हती.

आठ तालुक्यांचा, १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमेवरचा गोंदिया जिल्हा विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत कार्लोच्याच जागी आहे. नागपूर, अमरावतीसारख्या शहरांत जुन्या संस्था, मॅट, प्रशिक्षक, महाविद्यालयांचे संघ. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या गावात मातीचे मैदान आणि गावचाच कोणी जुना खेळाडू शिकवणारा. निवडक जिल्हा संघाच्या लढतीत शहरांचे पारडे जड राहते. पण एकत्र वाढलेल्या सात जणांच्या संघाचे तसे नसते. कबड्डीत कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा खेळाडू यांनी एकमेकांचा हात धरून साखळी करायची असते. चढाईपटू आत आला की कोणी झेप घ्यायची आणि कोणी वाट अडवायची हे बोलायला वेळ नसतो. ही समज काही दिवसांच्या शिबिरात येत नाही. म्हणून मला खात्रीने वाटते की मंडळांच्या लढतीत आपल्या भागातली गावे मोठ्या जिल्ह्यांना धक्का देऊ शकतात.

अडचण आहे ती वाटेची. कबड्डीत मंडळांचे सामने भरपूर होतात, पण खुल्या आणि निमंत्रित स्पर्धा एकमेकांना जोडलेल्या नसतात. या गावची ढाल जिंकणारे मंडळ पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी पुन्हा पहिल्या फेरीपासून सुरुवात करते. अधिकृत शिडी चढायची तर मंडळातला एखाददुसरा मुलगा चाचणीतून जिल्हा संघात जातो, तिथून नशिबाने विदर्भ संघात. त्याच्या पाठीवर आधी जिल्ह्याचे नाव येते, मग विदर्भाचे. २०१४ पासून प्रो कबड्डी लीग आली. तिथे तर लिलाव होतो आणि मुलगा ज्या शहराकडून खेळेल त्या शहराचा होतो. ही लीग आल्याचा मला मनापासून आनंद आहे. खेड्यातल्या मुलाला खेळावर घर चालवता येते, ही गोष्ट आयर्लंडच्या हौशी खेळाडूला आजही मिळत नाही. पण एक मुलगा वर जातो तेव्हा त्याच्याबरोबर खेळलेले सहा जण आणि त्यांचे गाव मागे राहतात. या जिल्ह्यात बोडीचे जादा पाणी खालच्या तलावात उतरावे अशी सोय जुन्या माणसांनी पिढ्यानपिढ्या राखली. गावच्या सामन्यांना तालुक्याशी, जिल्ह्याशी आणि विदर्भाशी जोडणारा तसा पाट खणायचा राहिला आहे.

तो कसा असावा हे आयर्लंडकडे पाहून ठरवता येईल. तालुक्याचे विजेते मंडळ जिल्ह्याला, जिल्ह्याचे विजेते विदर्भाच्या स्पर्धेला, सगळे आपल्याच नावाने. अकरा जिल्ह्यांचे अकरा संघ, म्हणजे बाद पद्धतीने दहाच सामने. मैदान १३ बाय १० मीटरचे, महिलांसाठी १२ बाय ८. एका गावच्या पटांगणातही हे सगळे मावते. महिलांची स्पर्धा याच वेळापत्रकात, त्याच मैदानावर घ्यावी. आयर्लंडने हे उशिरा केले. महिलांच्या हर्लिंगला कमोगी म्हणतात, तिची संघटना १९०४ पासून वेगळी चालत आली आणि आता कुठे २०२७ पर्यंत सगळ्या संघटना एका छत्राखाली आणायचे ठरले आहे. आपल्याला ती वाट पाहण्याचे कारण नाही.

वेळापत्रक हा दुसरा धडा. तिथे परगण्याच्या संघाचा मोसम इतका लांबत असे की क्लबचे सामने ताटकळत राहत. म्हणून २०२२ पासून वर्षाचे दोन भाग केले. जुलैपर्यंत परगणे, त्यानंतर फक्त क्लब. तारखा आधी जाहीर होतात, त्यामुळे लग्न कधी ठेवायचे, परदेशातून सुट्टी कधी काढायची हे लोक त्यावरून ठरवू शकतात. आपल्याकडे तर शेतीनेच मोसम आखून दिला आहे. रोवणीच्या दिवसांत कोणी खेळायला येणार नाही, मळणी झाल्यावर सगळे मोकळे.

सर्वांत अवघड प्रश्न मंडळाचा खेळाडू कोण, हा. बक्षिसाची रक्कम वाढली की बाहेरचे खेळाडू एका रात्रीपुरते आणून उभे करण्याचा मोह होतो आणि मग संघावर गावाचे नाव नुसते चिकटवलेले राहते. आयर्लंडमधल्या अनेक परगण्यांत यासाठी पॅरिशचा नियम आहे. पॅरिश म्हणजे चर्चच्या हिशेबाने ठरलेली पाच-सात वस्त्यांची शीव. ज्या पॅरिशमध्ये तुम्ही राहता किंवा वाढलात त्याच क्लबकडून खेळायचे. क्लब बदलायचा तर अर्ज करावा लागतो आणि समिती कारण विचारते. त्याच वेळी, नोकरीसाठी डब्लिनला गेलेल्या मुलाला आपल्या गावच्या क्लबात राहण्याचा हक्क आहे. किलकेनी ते डब्लिन सुमारे सव्वाशे किलोमीटर. आठवड्यातून एकदोनदा संध्याकाळी तेवढा प्रवास करून सरावाला येणारी मुले तिथल्या बहुतेक प्रत्येक गावात सापडतात.

गोंदिया ते नागपूर रेल्वेने जवळपास तेवढेच अंतर आहे. पुण्याकडे कंपनीत लागलेल्यांसाठी कोल्हापूर–गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस आहे. मंडळाची नोंदणी करताना शाळेच्या दाखल्यावरचे गाव किंवा मतदार यादीतले गाव यांपैकी एक ग्राह्य धरले आणि ही नोंदणी मोसमभर बदलता येणार नाही असे ठरवले, तर बाहेर गेलेला मुलगा मंडळाचाच राहील आणि एका रात्रीसाठी आणलेला खेळाडू आपोआप बाहेर पडेल. हा नियम लिहायला एक पान पुरते. तो पाळला जातो की नाही हे पाहायला मात्र प्रत्येक तालुक्यात दोन-तीन अशी माणसे लागतील, ज्यांचा शब्द सगळी मंडळे मानतात.